परक्या संघाचा अभिमान

मनुष्यास स्वतःच्या लाभहानीने हर्षविषाद व्हावा यात नवल नाही. मुलाच्या यशाने बापाची मान ताठ होते. गावच्या पहिलवानाने कुस्ती मारली म्हणजे सारे गाव त्यास खांद्यावर घेते. येथवर सारे सरळ आहे. परंतु ज्या देशाचे आपण कधी दर्शन घेतले नाही, ज्याची भाषा आपणास येत नाही, ज्याच्या अकरा खेळाडूंना आपण या पृथ्वीतलावर आहोत याचीही वार्ता नाही, त्या देशाच्या संघासाठी मनुष्याने रात्री जागवाव्या, मित्राशी अबोला धरावा आणि पराभव झाला तर पुढचे ताट सारून उठावे, हा प्रकार मात्र विचार करण्याजोगा आहे. चार वर्षांनी एकदा जागतिक फुटबॉल स्पर्धेचे दिवस जवळ येऊ लागले म्हणजे तो आपल्या देशात गावोगाव दिसू लागतो. यास निव्वळ वेड म्हणावे, की यात काही नीतीचाही अंश आहे, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस अधूनमधून छळीत असे. त्याचा विचार कोठून सुरू करावा हे आम्हांस कोणत्या ग्रंथाने सांगितले नाही. ते सांगितले मराठवाड्यातील एका चहाच्या दुकानापुढे बसलेल्या वृद्ध शेतकऱ्याने. म्हणून प्रथम त्या प्रसंगाची हकीकत सांगून मग विचाराकडे वळणे बरे.

सन २०१८ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आला होता. अधिक मासास आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्यात जावयास बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालण्याची चाल आहे. हा मान तिसऱ्या वर्षी एकदा मिळत असल्यामुळे जावई वयाने कितीही पोक्त झाला तरी तो सहसा सोडीत नाही. त्या न्यायाने जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा या गावी आमच्या सासुरवाडीस गेलो होतो. वसमत तालुक्यातील हे गाव चांगले मोठे आहे. प्राध्यापक नरहर कुरुंदकर यांचे आडनाव ज्यावरून आले ते हेच. भोवतालचा मुलूख हळदीचा आणि कापूस-सोयाबीनचा. मृग लागून तीन-चार दिवस झाले होते. एकदोन सरी पडून गेल्या होत्या; पण जमीन पेरणीपुरती भिजली की नाही याविषयी गावात एकमत नव्हते.

सकाळी चहाच्या दुकानापुढे दोन बाकांवर दोन सभा भरलेल्या असत. एका बाकावर वयस्क शेतकरी बसत. त्यांचा विषय एकच, की आता पेरावे, की आणखी एका पावसाची वाट पाहावी. दुसऱ्या बाकावर तरुण मंडळी. त्यांतले काही नांदेडास शिकणारे, काही शेती पाहणारे, एकदोघे नोकरीच्या शोधात. रशियातील स्पर्धा १४ जून रोजी सुरू व्हावयाची होती. वर्तमानपत्रातून कापलेले सामन्यांचे वेळापत्रक दुकानाच्या भिंतीवर चिकटविलेले होते, आणि त्याच्याखाली रोज नवा वाद पेटे. कुरुंद नावाच्या दगडावर शस्त्रास धार लावतात. गावाच्या नावाशी त्या दगडाचा संबंध असो वा नसो, त्या बाकावर मतांना धार लागत होती खरी. ब्राझीलवाल्यांस २०१४ मध्ये स्वतःच्या भूमीवर जर्मनीकडून सात विरुद्ध एक असा जो पराभव सोसावा लागला होता त्याचे उट्टे काढावयाचे होते. अर्जेंटिनावाल्यांचे म्हणणे असे, की मेस्सीसारख्या खेळाडूस हा चषक मिळाल्यावाचून राहिला तर जगात न्याय नाही. एक तरुण मात्र जर्मनीचा कट्टर अभिमानी होता. जर्मनी म्हणजे गेल्या वेळचा विजेता. त्याची शिस्त, त्याची योजना, त्याचे राखीव खेळाडूसुद्धा इतरांच्या मुख्य खेळाडूंच्या तोडीचे. “जर्मनी पहिल्या फेरीत हरणं अशक्य,” असे त्याने ठासून सांगितले.

शेजारच्या बाकावरील एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ हे ऐकत होते. सारे त्यांस आबा म्हणत. त्यांनी बशी खाली ठेविली आणि शांतपणे विचारले, “पोरा, तुझं त्यात काय पेरलंय रे?”

दोन्ही बाकांवर हशा पिकला. तो तरुणही हसला. पण तो निरुत्तर होणाऱ्यांपैकी नव्हता. तो म्हणाला, “आबा, पेरलं नाही म्हणून तर मोकळं भांडता येतंय. तुम्हाला कुठं असं भांडता येतं?” यावर आबाही हसले आणि विषय पुन्हा पावसाकडे वळला. आम्ही मात्र धोंडे जेवून परतलो तरी ते दोन प्रश्न आमच्याबरोबर परत आले. पुढील विवेचन म्हणजे त्या दोघांची बाजू आपापल्या परीने शेवटापर्यंत नेऊन पाहण्याचा प्रयत्न होय.

प्रथम आबांची बाजू घेऊ. त्या दोन बाकांवरील भाषेत एक स्पष्ट भेद होता. तरुणांच्या तोंडी ‘अशक्य’, ‘शंभर टक्के’, ‘लिहून घ्या’ असे शब्द होते. शेतकऱ्यांच्या तोंडी ‘वाटतंय’, ‘बघावं’, ‘अजून दोन दिवस’ असे. वास्तविक फुटबॉलविषयी तरुणांस जितकी माहिती होती तिच्या अनेक पटींनी पावसाविषयी त्या शेतकऱ्यांस होती. त्यांचे शिक्षण चाळीस-पन्नास मृगांचे होते. तरीही निश्चय तरुणांकडे होता आणि संकोच वृद्धांकडे. याचे कारण उघड आहे. त्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मतामागे बियाण्याची पोती उभी होती. मत चुकले तर बी मातीत जाणार, पुन्हा उसनवारी करावी लागणार, दुबार पेरणीने हंगाम मागे पडणार. ज्या मताची किंमत आपणास द्यावी लागते ते मत मनुष्य जपून उच्चारितो. ज्याची किंमत द्यावी लागत नाही ते तो उधळतो.

भाकितांची गोष्टही अशीच आहे. २०१० च्या स्पर्धेत जर्मनीतील ओबरहाउझेन येथील पॉल नामक अष्टपाद जलचराने आठ सामन्यांचे निकाल अचूक वर्तविले म्हणून साऱ्या जगात त्याचा गौरव झाला. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घट मांडून पीकपाण्याचे भविष्य सांगतात आणि हजारो शेतकरी ते ऐकतात. दोहोंच्या प्रामाण्याविषयी आमचे मत येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पण एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पॉलचे भाकीत ऐकून लोक टाळ्या वाजवीत. भेंडवळचे भाकीत ऐकून लोक घरी जाऊन बी-भरणाचा हिशेब करीत बसतात. पहिले ऐकणाऱ्याची करमणूक होते, दुसरे ऐकणाऱ्याची झोप जाते. आबांचा प्रश्न तरुणास याच ठिकाणी बोचावा असा होता. मत देणे ही एक जबाबदारी आहे, आणि जो तिच्या फळास बांधलेला नाही त्याचे मत कितीही चतुर असले तरी पोकळ असते, असे त्यांस सुचवावयाचे असावे.

आता तरुणाच्या बाजूकडे वळू. कारण तीही दिसते तितकी उथळ नाही. आपल्या समाजात मनुष्य पक्ष घेतो म्हणजे काय करतो? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो भावकीच्या बाजूने उभा राहतो. लग्नकार्यात पाहुण्यारावळ्यांच्या बाजूने, कज्जेदलालीत बांधास बांध लागून असलेल्याच्या विरुद्ध, राजकारणात जातीच्या किंवा आपले काम करून देणाऱ्याच्या बाजूने. जन्मल्यापासून त्याचे पक्ष ठरलेलेच असतात. त्याने निवडलेला असा त्यांत एकही नसतो, आणि प्रत्येकाच्या मागे काही लोभ वा काही भय असते. त्या बाकावरील जर्मनीचा अभिमानी आणि ब्राझीलचा अभिमानी हे दोघे एका चुलत्याचे पुतणे होते. कुरुंद्यातील कोणत्याही भांडणात ते एकाच बाजूस सापडले असते. एकमेकांविरुद्ध मन मोकळे करून, द्वेषावाचून, भांडण्याची सोय त्यांस फक्त या दूरच्या खेळाने करून दिली होती. आयुष्यातील पहिला स्वतः निवडलेला पक्ष जर एखाद्या तरुणास फुटबॉलमध्ये मिळाला, तर त्यास हसण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. हसावयाचे तर इतर ठिकाणी तो त्यास मिळत नाही या गोष्टीस हसावे, किंवा रडावे.

आमच्या साहित्यशास्त्रात साधारणीकरण म्हणून एक विचार आहे. भट्टनायकाने तो मांडिला आणि अभिनवगुप्ताने त्यास आपल्या रीतीने पूर्णत्व आणिले. रंगभूमीवर दुष्यंत-शकुंतलेचे सुखदुःख पाहताना प्रेक्षकाच्या मनातून ‘हे माझे’ आणि ‘हे परक्याचे’ हा भेद गळून पडतो; म्हणूनच त्यास रसाचा आस्वाद घेता येतो. स्वतःच्या घरी मरण आले असता शोक होतो, करुण रस होत नाही. या दृष्टीने पाहता, ज्यात आपले काही पेरलेले नाही त्या ठिकाणी हर्षविषाद होणे हा मनाचा दोष नसून मनाची रुंदी आहे. आणि असा परक्याविषयीचा लोभ सर्वथा निष्फळच असतो असेही नाही. बांगलादेशातील लोक पिढ्यान् पिढ्या अर्जेंटिनाचे निशाण घरांवर लावीत आले. २०२२ च्या स्पर्धेत ही वार्ता त्या दूर देशास पोहोचली, तेथील लोकांस त्याचे कौतुक वाटले, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत अर्जेंटिनाने ढाक्यात आपला अनेक वर्षे बंद असलेला राजदूतावास पुन्हा उघडला. व्यापाराचीही कारणे त्यास असतील. परंतु निरपेक्ष प्रेमाने एका राष्ट्राचे दार ठोठावले आणि ते उघडले गेले, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

येथपर्यंत विचार केला असता दोन्ही बाजू सारख्या भरतात असे वाटते. वृद्धाचे म्हणणे खरे आणि तरुणाचेही खरे, असे सांगून लेखणी खाली ठेवता आली असती. परंतु तसे करण्यात एक मोठी अडचण आहे. फुटबॉलचे मैदान ही रंगभूमी नव्हे. नाटकात दुर्योधनाची मांडी मोडते, पण पडदा पडल्यावर तो नट उठून घरी जेवावयास जातो. मैदानावर जो हरतो तो खरोखरच हरतो. आणि प्रेक्षकाने फुकट उधळलेल्या निश्चयाची किंमत पुष्कळदा त्यालाच चुकवावी लागते.

दोन उदाहरणे सांगतो. सन १९५० ची स्पर्धा ब्राझीलमध्ये भरली. १६ जुलै रोजी रिओ शहरातील माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांचा निर्णायक सामना होता. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. विजयाविषयी लोक इतके निःशंक होते, की सामन्यापूर्वीच वर्तमानपत्राने आपला संघ जगज्जेता म्हणून छापून टाकिला होता. उरुग्वेने दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला. तेव्हा लाखो लोकांच्या चुकलेल्या भाकिताचा भार कोणी उचलावा? तो गोलरक्षक बार्बोसा याच्या माथी मारण्यात आला. तो २००० साली वारला. तोपर्यंतची पन्नास वर्षे तो त्या एका गोलाचा अपराधी म्हणून जगला. दुसरे उदाहरण याहून दारुण आहे. १९९४ च्या स्पर्धेपूर्वी कोलंबियाच्या संघाने अर्जेंटिनाचा त्याच्याच घरी पाच गोलांनी पराभव केला होता, आणि पेलेसारख्या जाणत्यानेही त्या संघाची संभाव्य विजेत्यांत गणना केली होती. आशा आभाळास टेकली. प्रत्यक्षात अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात आंद्रेस एस्कोबार या गुणी बचावपटूकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि कोलंबिया पहिल्या फेरीतच बाद झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ जुलै १९९४ रोजी, मेडेयिन शहरात त्यास गोळ्या घालून ठार करण्यात आले. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

आमच्या चहाच्या दुकानापुढील तरुण असे काही करील असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या आवडत्या संघाचा गोलरक्षक चुकला असता आपण घरबसल्या त्यास कोणत्या शब्दांनी संबोधितो, हे ज्याने त्याने स्वतःशी आठवून पाहावे. ‘मी सांगितले होते तसे झाले नाही’ या वाक्याचा पुढचा भाग ‘म्हणून माझे चुकले’ असा असावयास हवा; आपण तो ‘म्हणून त्याने घात केला’ असा करितो. सारांश, मत फुकट नसतेच. ज्याने ते दिले त्याने किंमत भरली नाही, तर ती दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होते. आबांच्या प्रश्नाचा खरा रोख आम्हांस येथे समजला. पेरल्यावाचून बोलू नये असे त्यांस म्हणावयाचे नसेल. पण पेरल्यावाचून बोलणाऱ्याने कापणीच्या वेळी कोणाच्या अंगावर धावून जाऊ नये, इतके त्यांच्या प्रश्नातून खास निघते.

यावर कोणी चतुर वाचक असा आक्षेप घेईल, की मतामागे किंमत असली म्हणजे ते नीतीचे ठरत असेल, तर सट्टा लावणारा हाच सर्वांत नीतिमान प्रेक्षक म्हणावा लागेल. त्याने तर आपल्या मतावर रोख पैसा लाविलेला असतो. आक्षेप तोडीचा आहे. परंतु पणास लाविणे आणि पेरणे या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून भिन्न आहेत. धर्मराजाने राज्य पणास लाविले तेव्हाही त्याच्या मतामागे किंमत होतीच. पण फाशांच्या खेळात एकाच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात जाते, एवढेच. जगात एक दाणाही वाढत नाही. जिंकणाऱ्याचा हर्ष हा हरणाऱ्याच्या विषादावाचून उभा राहू शकत नाही. पेरणारा मातीस जे देतो ते तो गमावण्याच्या तयारीने देतो, आणि जे उगवते ते पूर्वी नव्हते असे असते. शिवाय सट्टेबाजाचे प्रेम संघावर नसते, भावावर असते. भाव फिरला की त्याचा पक्षही फिरतो. तेव्हा केवळ काही गमावण्याची भीती मनुष्यास जबाबदार करीत नाही. काही उगवावे ही इच्छा त्यास जबाबदार करिते.

मग फुटबॉलच्या प्रेक्षकाने पेरावयाचे म्हणजे काय? येथे आम्हांस कुरुंद्याच्याच जुन्या राज्याची आठवण होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या अमलाखाली आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबाद शहरात सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी तेथील पोलिसांच्या संघास घडविले आणि पुढे भारताच्या संघास शिकविले. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर महिनाभरातच मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांचा भारतीय संघ चौथा आला, आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. १९६२ मध्ये जाकार्ता येथे भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियास दोन विरुद्ध एक असे हरविले. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब निवर्तले. १९५० च्या जागतिक स्पर्धेत भारतास प्रवेश मिळाला असूनही आपला संघ गेला नव्हता. अनवाणी खेळण्यास बंदी झाल्यामुळे हे घडले अशी दंतकथा सांगतात. परंतु लांबचा प्रवास, तयारीस अपुरा वेळ आणि ऑलिंपिकलाच अधिक महत्त्व देण्याची त्या वेळची दृष्टी ही कारणे अभ्यासक देतात. त्या वेळी गेलो नाही आणि पुढे जाता आले नाही.

ज्या दक्षिण कोरियास आपण १९६२ मध्ये हरविले त्याने पुढे काय केले ते पाहा. १९८६ पासून तो देश प्रत्येक जागतिक स्पर्धेत खेळत आला आणि २००२ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. दोन्ही देशांत फुटबॉलची आवड होती; मते तर आपल्याकडे कदाचित अधिकच असतील. फरक पेरणीचा होता. आपल्या राज्यात ज्या गावी ही पेरणी चालू राहिली त्या कोल्हापूरचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तेथे शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी पेठापेठांची मंडळे वर्षानुवर्षे एकमेकांशी झुंजत आली आहेत आणि शाहू मैदानावर त्यांचे सामने पाहावयास लोक लोटतात. जागतिक स्पर्धेच्या वेळी त्या शहरातही परदेशी खेळाडूंची भलीमोठी चित्रे चौकाचौकांत उभी राहतात. पण त्या चित्रांखालच्या मातीत खेळाडूंची पावले उमटलेली असतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात झाली तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तिन्ही सामने आपण हरलो, हे खरे. पण तो हरणारा आपला होता, आणि आपल्या हरण्यातून शिकता येते. परक्याच्या जिंकण्यातून फक्त आनंदता येते.

त्या २०१७ च्या स्पर्धेनिमित्त राज्यात दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे असा एक उपक्रम झाला आणि गावोगावच्या शाळांस चेंडू वाटण्यात आले. हा उल्लेख आम्ही उगाच केलेला नाही. आमच्या हकीकतीचा उत्तरार्ध त्याच्याशी निगडित आहे.

त्याच वर्षी, म्हणजे २०१८ च्या दिवाळीस, आम्ही पुन्हा कुरुंद्यास गेलो. मधल्या काळात दोन्ही बाकांवरील मतांचा निकाल लागला होता. जर्मनीचा संघ प्रथम मेक्सिकोकडून आणि मग २७ जून रोजी त्याच दक्षिण कोरियाकडून हरून पहिल्याच फेरीत, गटात तळाशी राहून, बाद झाला होता. पावसानेही दगा दिला होता. ऑक्टोबर संपता संपता राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. आबांनी पुरता विचार करून पेरलेल्या सोयाबीनने ऐन फुलोऱ्यात पाण्याचा ताण सोसला आणि उतारा निम्म्यावर आला, असे आमच्या मेहुण्यांनी सांगितले. जर्मनीच्या त्या अभिमान्याविषयीही त्यांनी सांगितले. २८ जूनच्या सकाळी तो दुकानापुढे येणार नाही अशी साऱ्यांची अटकळ होती. तो आला, दोन्ही बाकांस स्वतःच्या पैशाने चहा पाजला आणि “माझं चुकलं” एवढेच बोलून बसला. गोलरक्षकास त्याने शिवी दिली नाही, पंचास दिली नाही. तेव्हा आबा म्हणाले होते म्हणे, “आमचंबी चुकलं तर आम्हीच पाजू.”

संध्याकाळी आम्ही गावाबाहेर फिरावयास गेलो असता एका मोकळ्या रानात दहाबारा मुले फुटबॉल खेळताना दिसली. चेंडू त्या वाटपातला होता. आसपासच्या एका शाळेच्या कपाटात तो हवा जाऊन वर्षभर पडून राहिला होता, कारण तो फुगविण्याची सुई कोणापाशी नव्हती. ती सुई आमच्या जर्मनीवाल्याने नांदेडहून आणिली होती. मुलांनी सोयाबीनची धसकटे उपटून जागा साफ केली होती, आणि गोलाच्या खांबांच्या जागी प्रत्येकी दोन चपला ठेविल्या होत्या. रान आबांचे होते. जमिनीत ओल नसल्यामुळे रब्बीची पेरणी त्यांनी केली नव्हती. पडीक राहण्यापेक्षा पोरे खेळतील तर खेळोत, म्हणून त्यांनी ते दिले होते. ते स्वतः बांधावर बसले होते. आम्ही शेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने एका लहानग्याने मारलेला चेंडू चपलांच्या बाहेरून गेला, तेव्हा आबा मोठ्याने म्हणाले, “डाव्या पायानं मारायचा होता!” त्यांनी उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लाविला नसावा. पण त्या मतास हसण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्यांचे त्यात रान होते.

२०२६ सालची जागतिक स्पर्धा अठ्ठेचाळीस संघांची असून ती ११ जून रोजी मेक्सिको शहरात सुरू व्हावी असे जेव्हा ठरले, तेव्हापासूनच आमच्याकडे मतांची पेरणी सुरू झाली. भारत त्या अठ्ठेचाळिसांतही नाही. २०२४ च्या ११ जूनला दोहा येथे कतारकडून दोन विरुद्ध एक असा पराभव होऊन त्याची वाट बंद झाली. त्या सामन्यात रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवर गोल दिला गेला, याविषयी आपल्याकडे जितके बोलले गेले तितके आपल्या गावात मुलांना खेळावयास रेषा आखलेले मैदान नाही याविषयी बोलले गेले असते तर बरे झाले असते. स्पर्धेचा आरंभ आणि रहीमसाहेबांची पुण्यतिथी एकाच दिवशी यावी हा केवळ योगायोग होय. तथापि स्मरण ठेवणाऱ्यास योगायोगही पुरतो.

वाचकांनी आपल्या मुलांस दूरच्या संघाचा अभिमान धरण्यापासून परावृत्त करावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्यात लाभ नाही अशा ठिकाणी मन गुंतविण्याची शक्ती हा मनुष्याचा एक थोर गुण आहे, आणि तो ज्यास बाळपणी लाभत नाही त्यास पुढे क्वचितच लाभतो. मुलांनी ब्राझीलसाठी ओरडावे, अर्जेंटिनासाठी जागावे, भविष्ये वर्तवावी आणि ती ठासून वर्तवावी. आम्ही त्यांस दोनच गोष्टी सांगू. भविष्य चुकले तर ते आपले चुकले असे म्हणावयास शिकावे, आणि त्याचा दंड मैदानावरील कोणा दमलेल्या खेळाडूकडून वसूल करू नये. आणि दुसरी गोष्ट अशी, की रात्री दूरच्या मैदानाकडे डोळे लाविले असता सकाळी जवळच्या रानाकडेही एकदा पाहावे. तेथे चेंडू पडलेला असेल आणि बहुधा एका सुईवाचून अडले असेल. ती सुई आणण्यास फार पैसे पडत नाहीत. आबांचा प्रश्न पुन्हा कोणी विचारिला, तर सांगावयास तेवढे पुरे आहे.